पियानोची पाळी

आमचे शेजारी दौलू हवालदार फिडल वाजवता वाजवता मध्येच थांबतात. गज हवेत, डोळे मिटलेले, मान डोलते आहे आणि आवाज मात्र काहीच नाही. मी साताऱ्यात नवी राहायला आले तेव्हा मला वाटले, म्हातारा पुढचे विसरला. भिंतीपलीकडून विचारले, "हवालदार, बरं आहे ना?"

"गप ऱ्हावा बाई, पियानू बोलतोय!"

हवालदार मूळचे उंब्रजचे, पलटणीच्या बँडमधले. साहेबांच्या मेसमध्ये ते फिडल वाजवत आणि मिंगेल नावाचा त्यांचा गोव्याचा दोस्त पियानो. दोघांचे आवडते गाणे एकच, स्पेनचे. "त्यातबी क्याटलान मुलखाचं," हवालदार बजावत. "स्पेनमदी क्याटलान म्हंजी आपल्याकडं सातारा बगा. राज्य कुनाचं का असंना, ताठा सोडायचा न्हाई."

हवालदार पेन्शनीत निघाले. पुढे लढाई सुरू झाली, मिंगेल मलायाकडे गेला आणि त्याची खबर आली नाही. फिडलचे सूर लिहिलेले कागद हवालदारांकडे राहिले, पियानोचे मिंगेलबरोबर गेले. तेव्हापासून मिंगेलची पाळी आली की हवालदार थांबतात.

मी शाळा चालवणारी बाई. सकाळी कामांची यादी करायची, संध्याकाळपर्यंत एकेक खोडायचे, हा माझा शिरस्ता. अर्धे गाणे शेजारी राहते हे मला खपेना. सांगलीला महिला मंडळाचे संमेलन होते, त्यात मी हवालदारांना उभे केले. नाटके पाहून मुरलेले गाव ते! हवालदार पहिल्यांदा थांबले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आवं, संपलं न्हाई!" हवालदार ओरडले. "त्याची पाळी हाय!"

"कुणाची हो?" म्हणत पुढच्या रांगेतल्या वकिलीणबाई दाराकडे पाहू लागल्या. गाणे खरेच संपले तेव्हा एकही टाळी पडली नाही. सगळा मांडव कुणाची तरी वाट पाहत बसला होता.

परतीच्या मोटारीत कराड आले. हवालदार खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाई, मरायच्या आदी एकदा समदं ऐकाया मिळावं. अर्ध्यानं पोट भरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत पहिले काम तेच होते. पाचगणीच्या ज्या शाळेत माझी भाची होती, तिथल्या पियानो शिकवणाऱ्या पारशी बाईंना मी फिडलचे कागद दाखवले. त्यांच्या कपाटात त्याच गाण्याची पुरी वही निघाली.

ठरल्या दिवशी हवालदार पाचगणीला फेटा बांधून, कोटावर बिल्ले लावून आले. वाजवू लागले. नेहमीच्या जागी थांबले आणि या खेपेला पियानो खरोखर बोलला. हवालदारांचे डोळे उघडले. मग त्यांनी गज टेकवला आणि बाई थबकल्या.

"हवालदार, तुम्ही एक मात्रा आधी आलात."

पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी वहीवर बोट ठेवले. "हे बघा, इथे पियानोने एक मात्रा थांबायचं आहे. स्वच्छ छापलंय."

हवालदारांनी फिडल खाली घेतले.

"छापल्यालं खरं हाय, बाई. पन मिंगेल तितं कवाच थांबला न्हाई. लय उतावळा. किती येळा शिव्या घातल्या, गड्या थांब, गड्या थांब. ऐकंल तर शपथ! मग मीच त्याच्यासंगं पळाया शिकलो." ते जरा घुटमळले. "तुमास्नी जमंल का? त्याच्यावानी चुकाया?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग वही मिटली आणि पहिल्यापासून वाजवू लागल्या. ती जागा आली, बाई न थांबता पळाल्या आणि हवालदार अचूक येऊन मिळाले.

"हां!" ते एवढेच म्हणाले. फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसायला गाणे संपेपर्यंत त्यांना सवड नव्हती.

मी यादीतले काम खोडले. पण हवालदार घरी अजून रोज वाजवतात आणि अजून मध्येच थांबतात. ते थांबणे एक मात्रा आखूड आहे, हे आता भिंतीपलीकडून मलाही ऐकू येते.