आडवा उजेड

सुर्वेकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्यांनी बशीतला चमचा उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांसमोर तिरका धरला आणि म्हणाले, "ठसा झिजलाय. बदलायला हवा होता त्यांनी." मला वाटलं, चमचा नीट घासलेला नाही असं त्यांना सुचवायचंय. मी दुसरा आणून दिला. त्यांनी तोही खिडकीपाशी नेला. पोहे गार झाले, काका खूश झाले आणि आमचा शेजार सुरू झाला.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आमच्या दारासमोर आहे. काका महापेच्या एका कारखान्यात पत्रा दाबायचे ठसे बनवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पण डोळे अजून ड्युटीवर आहेत. बिस्किट असो, लिफ्टचं बटण असो, नाहीतर साच्यातला मोदक असो, दाबून घडवलेली वस्तू दिसली की त्यांचा हात खिशातल्या छोट्या बॅटरीकडे जातो. मग जवळ उभं असेल त्याला हुकूम सुटतो, "उजेड आडवा धर." वरून उजेड पाडला की सगळं सपाट आणि छान दिसतं, बाजूने पाडला की खरं काय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीच्या नव्याने रंगवलेल्या जिन्यावर त्यांनी एकदा अशीच बॅटरी धरली आणि भिंतीवरचे फुगवटे मोजून दाखवले. तो रंगारी अजून त्यांना बघून रस्ता ओलांडतो.

पण हे सगळं फुटकळ. काकांचा खरा जीव आहे सात अमेरिकन डॉलरांत. नोटा नव्हेत, जुनी चांदीची नाणी. एका बाजूला मुकुट घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. काकांच्या पत्नी मालतीकाकू, त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून ती आणली आणि लेकीच्या लग्नात दिली. काकू ती लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडत. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पणतीचा उजेड बाजूने पडला आणि काकांना त्यातल्या चौथ्या नाण्यावर, बाईच्या गळ्याजवळ, एक बारीक रेघ दिसली. ती ओरखड्याची नव्हती. ती पाठीमागच्या गरुडाच्या पंखाची होती.

हे कसं होतं ते काकांनी सोसायटीतल्या प्रत्येकाला समजावलंय, वॉचमन धरून. दोन्ही तळवे समोरासमोर धरायचे, हे दोन ठसे. मध्ये चांदीची चकती येते, ठसे आपटतात, नाणं पडतं. एखाद्या वेळी चकती यायची चुकते. मग ठसे थेट एकमेकांवर आदळतात आणि एकाची खूण दुसऱ्याच्या अंगावर उठते. त्यानंतर त्या ठशातून निघणारं प्रत्येक नाणं ती खूण घेऊन जन्माला येतं. इथे काका तळवे फाडकन आपटतात. लिफ्टमध्ये हे झालं तर दचकायला होतं.

अशा खुणांच्या जाती असतात आणि अमेरिकेत कोणी एक म्हातारे गृहस्थ त्यांची यादी ठेवतात, हे काकांना पुष्कळ वर्षांनी, इंटरनेट आल्यावर कळलं. त्यांनी सगळी यादी पालथी घातली. चौथ्या नाण्याची रेघ त्यात नव्हती. म्हणजे जात नवी, आणि शोधणारे दत्ताराम सुर्वे, ऐरोली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. तिकडून उत्तर आलं की फोटो धूसर आहे, चांगला काढून पाठवा. काकांनी ठरवलं, दिवाळी झाली की चांगला कॅमेरा आणायचा.

आता मला माझा गुन्हा सांगायला हवा.

त्या वर्षी धनत्रयोदशीला सकाळी मालतीकाकू आमच्याकडे आल्या आणि पांढरं दंतमंजन आहे का म्हणाल्या. आमच्या सासूबाई अजून त्यानेच दात घासतात. मी त्यांची स्टीलची डबी दिली. कशाला हवंय हे विचारलंसुद्धा नाही. चांदीला दंतमंजनासारखं दुसरं काही नाही हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं?

संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मी आधी घरात कोण आजारी आहे ते विचारलं. सातही डॉलर आरशासारखे झाले होते. रेघ गेली होती. "नाण्याला कधी दात घासायचे असतात का?" एवढंच ते म्हणाले आणि परत गेले. मी मान हलवली आणि डबीबद्दल अवाक्षर काढलं नाही. काकूंचं म्हणणं साधं होतं, "माझ्या बाबांची चांदी. लक्ष्मीपुढे काळी कशी ठेवू?"

काका काकूंशी बोलायचे थांबले. पाडव्याला पाटावर बसले, ओवाळून घेतलं, ताटात ओवाळणी घातली, पण तोंड उघडलं नाही. भाऊबीज झाली तरी नाही. नवव्या दिवशी काकूंनी चहात साखरच घातली नाही, मुद्दाम. काका म्हणाले, "साखर." काकू म्हणाल्या, "बोललात ना, आता घालते." हे मला काकूंनीच हसून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मालतीकाकू गेल्या. काका पूर्वीसारखेच बॅटरी घेऊन फिरतात, मोदक तपासतात, चहा स्वतः करतात. बरं चाललंय, असं विचारल्यावर सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही वाटतं.

परवा त्यांनी मला हाक मारली. अमेरिकेतून इमेल आली होती. तीच रेघ असलेलं दुसरं नाणं तिकडे कोणाला तरी सापडलं होतं. म्हाताऱ्या गृहस्थांना काकांचा धूसर फोटो आठवत होता. तुमच्या नाण्याचा स्वच्छ फोटो पाठवा, म्हणजे पहिला शोध तुमच्या नावावर घालतो, असं त्यांनी लिहिलं होतं. इंग्रजी उत्तर मी लिहायचं होतं.

"लिही," काका म्हणाले, "रेघ आता राहिलेली नाही. त्या दुसऱ्या माणसाचं नाव घाला."

माझ्याने टाइप करवेना. सहा वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "काका, ते दंतमंजन मी दिलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "डबी ओट्यावरच होती. झाकणावर तुझ्या सासूबाईंचं नाव कोरलंय. ठसे वाचणारा माणूस मी, ते नाही वाचणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र उठले, कपाटातून चौथं नाणं आणि त्यांची वही घेऊन आले. वहीत प्रत्येक नाण्याला एक पान आहे. चौथ्याच्या पानावर रेघेची जुनी नोंद तशीच होती. तिच्याखाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं, "गळ्याजवळची रेघ गेली. त्या जागी गोल ओरखडे. उजवा अंगठा. असं दुसरं नाणं यादीत नाही, सापडणारही नाही."

"उजेड आडवा धर," काका म्हणाले.

मी बॅटरी आडवी धरली. नाण्यावरच्या बाईच्या गालापासून गळ्यापर्यंत केसासारखी बारीक, गोल गोल वर्तुळं उठली. कोणीतरी मन लावून, जोर लावून, अंगठ्याने घासलं होतं.

"गालापासून सुरुवात केलीय," काका म्हणाले. "माझे चष्मेसुद्धा ती असेच पुसायची. गोल गोल."

मग त्यांनी नाणं कडेने धरून परत कपाटात ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. मी इमेल पूर्ण केली. चहा आला, त्यात साखर नव्हती. काकांनी एक घोट घेतला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साखर."