दाजींच्या लग्नाचा साक्षीदार

आमच्या दाजींबद्दल लिहायचं मी गेली पाच वर्षं टाळत आलोय. कुणी विषय काढला की मी त्यांच्या गमती सांगतो, लोक हसतात आणि मी सोयीच्या जागी थांबतो. आज त्या जागेच्या पुढे जायचं ठरवलंय. पण सुरुवात गमतींपासूनच करावी लागेल, कारण दाजींची ओळख दुसऱ्या कुठल्या वाटेने करून देता येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुधाताईचे यजमान. ‘आय अ‍ॅग्री’ या बटणाच्या वर जो मजकूर असतो तो वाचणारा माझ्या माहितीतला हा एकच माणूस. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळा वाचत.

एकदा त्यांची दाढ ठणकत होती म्हणून मी त्यांना डेंटिस्टकडे नेलं. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. काउंटरवरच्या मुलीने सहा पानांचं संमतिपत्र हातात ठेवलं. दाजी खुर्चीत बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. आमच्या मागून आलेली तीन माणसं दात काढून घरी गेली. शेवटी दाजी उठले आणि सुजलेल्या तोंडाने तिला म्हणाले, “पाचव्या पानावर तुम्ही माझे टॉन्सिल काढायची परवानगी मागताय. ती ओळ मी खोडलीय.” मुलीने पान पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. किती वर्षं लोक तिथे टॉन्सिलवर सह्या करून जात होते कोण जाणे.

“वाचल्याशिवाय सही नाही,” हे त्यांचं ब्रीद. ताई म्हणायची, “ह्यांनी लग्नाआधी माझीसुद्धा माहितीपुस्तिका मागितली होती. बाबांनी पत्रिका दिली, तर म्हणाले, यात वापरायच्या सूचना नाहीत.”

हा छंद पोटापाण्यातून आलेला होता. अमेरिकेत नेपरव्हिलला येण्याआधी, पुण्याला असताना, ते एका बॉयलरच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहीत. मला म्हणायचे, “शरद, यंत्र चालवणारा माझ्यासमोर नसतो. तो चुकला, तर मी लिहायला चुकलो असं समजायचं.” मला तेव्हा हे वाक्य जरा नाटकी वाटायचं.

ताई गेली. दाजी आमच्यापासून दहा मिनिटांवर एकटे राहू लागले आणि पुस्तकात बघून स्वयंपाक शिकू लागले. तिथे त्यांचं ‘चवीपुरतं मीठ’ या शब्दांशी भांडण झालं. कुठल्या तरी मंडळाच्या ईमेलमधून आलेली वालाच्या बिरड्याची कृती वाचून त्यांनी खाली दिलेल्या नंबरावर फोन लावला. नंबर फ्रीमाँटच्या कुमुदताईंचा. लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, मूलबाळ नाही.

“चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?” दाजींनी विचारलं.

“कोणाच्या चवीपुरतं ते आधी सांगा,” त्या म्हणाल्या.

“माझ्या.”

“मग तुम्ही खाऊन बघा आणि मला फोन करा. मी कॅलिफोर्नियातून कशी चाखू?”

दाजींनी बिरडं केलं, खाल्लं आणि फोन केला. मग उसळीसाठी केला, मग आमटीसाठी. महामारीत सगळे घरात अडकले तेव्हा हे फोन रोज दुपारी चारला होऊ लागले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त त्यांचं वाणसामान दारात ठेवून लांबून हात हलवायचो.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. ड्राइव्हवेवर टेपने मोजून सहा फुटांवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

“शरद, मी लग्न करतोय.”

मला वाटलं, मास्कमुळे नीट ऐकू आलं नाही. पण ऐकलं ते बरोबर होतं. दुसऱ्या एका राज्यातली काउंटी, म्हणजे जिल्हा कचेरी, व्हिडिओवरून लग्नाचं लायसन्स देत होती आणि लग्नही लावून देत होती. नवरा एकीकडे, नवरी दुसरीकडे, लग्न लावणारा साहेब तिसरीकडे. दाजींनी सगळे नियम छापून, रेघा मारून ठेवले होते. चौथ्या पानावर आणि सातव्या पानावर परस्परविरोधी मजकूर होता, तो त्यांनी तिथल्या क्लार्क मुलीला कळवला. ती म्हणाली, “सर, चौथं पान वाचणारे तुम्ही पहिलेच.”

“या वयात?” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“वयाची वरची मर्यादा नाही. बघितलं मी.” मग त्यांनी हातातले कागद उगाचच सरळ केले. “दोन साक्षीदार लागतात. एक कुमुदचा भाचा रोहन, जर्सी सिटीचा. दुसरा तू हो. सुधाच्या माहेरचं कुणी असल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.”

मी हो म्हटलं. घरी येताना गाडीत माझ्या मनात एकच होतं: ताईच्या ताटात दुसरं कुणीतरी जेवायला बसणार. सहा वर्षं झाली होती तिला जाऊन, पण त्या दिवशी मला ती कालच गेल्यासारखी वाटली. आणि दाजींचा राग आला. इतका, की मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला लग्न. साक्षीदारांची ओळखपत्रं आधीच पाठवलेली असल्यामुळे ऐनवेळी दुसरा माणूस चालणार नव्हता. मी कोट घालून लॅपटॉपसमोर बसलो. लिंक उघडली. स्क्रीनवर निळं ‘जॉईन’ आलं. मी ते दाबलं नाही.

दहा वाजून पाच. दहा वाजून दहा. फोन वाजला, मी उचलला नाही.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “झालं का हो लग्न? अक्षता टाकायला मला बोलवणार होतात ना?”

“लिंक चालत नाहीये,” मी म्हणालो. पहिल्यांदा खोटं बोललो ते तिच्याशी. नंतरचं सोपं गेलं.

दाजींचा फोन पुन्हा आला तेव्हा साडेदहा झाले होते. काउंटीने दिलेली वेळ संपली होती आणि पुढची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली होती.

“काय दिसत होतं तुला?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. नुसतं गोल गोल फिरत होतं.”

“किती वेळ?”

“बराच.”

मागे त्यांच्या लॅपटॉपमधून रोहनचा आवाज आला, “इट्स ओके काका, चिल, बारा दिवस तर आहेत.” दाजी मला म्हणाले, “‘लिंकवर क्लिक करून जॉईन दाबावे’ असं लिहिलं होतं मी. जॉईन दिसलं नाही तर काय करायचं, ते लिहिलंच नाही. इतकी वर्षं हेच काम केलं आणि नेमकं तेच सुटलं. माझी चूक, शरद.”

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला एक पाकीट अडकवलेलं होतं. आत तीन पानं. ‘शरदसाठी: विवाहात सामील होण्याची कार्यपद्धती.’ अकरा पायऱ्या. बटणाचं चित्र पट्टीने काढून निळ्या पेन्सिलीने रंगवलेलं. सातवी पायरी अशी होती: ‘गोल फिरत राहिल्यास घाबरू नये. दाजींना फोन करावा. दाजी रागावणार नाहीत.’

बारा दिवसांनी मी पहिल्याच पायरीवर आत गेलो. लग्न झकास झालं. साहेबाने शपथेचा मजकूर वाचल्यावर दाजींनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

“वाचल्याशिवाय सही नाही,” ते म्हणाले.

“अहो, सही नाही करायची,” कुमुदताई फ्रीमाँटमधून म्हणाल्या, “नुसतं ‘हो’ म्हणायचंय!”

माझ्या बायकोने इतक्या उत्साहाने अक्षता टाकल्या की एक दाणा लॅपटॉपच्या बटणाखाली गेला. ते बटण अजून दबत नाही. कुमुदताई फार थकलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, कॅमेरा खराब असेल.

प्रवास सुरू झाले तसे दाजी फ्रीमाँटला राहायला गेले. पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो, मनात ठरवून, की आता सांगून टाकायचं. दाजी खाली पोस्ट आणायला गेले होते. कुमुदताईंनी चहा ठेवला आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, “ते आठ दिवस मला आठवले की अजून हसू येतं हो.”

“कुठले आठ दिवस?”

मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या चुकलेल्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी त्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या होत्या. तारीख आधीच ठरलेली होती. “कुणाला सांगायचं नाही,” असं त्यांनीच दाजींना बजावलं होतं. भेटायला कुणालाही बंदी, आणि तब्येत फक्त घरच्या माणसाला सांगणार. लग्न शुक्रवारीच व्हायला हवं होतं ते एवढ्यासाठी. घरचा माणूस म्हणून रोहनचं नाव होतं, पण तो कामात. दोन-दोन दिवसांनी दाजींना ‘शी इज फाईन’ एवढं पाठवायचा.

“हे रोज सकाळी हॉस्पिटलला फोन करायचे,” कुमुदताई सांगत होत्या. “ऑपरेटर विचारायची, तुम्ही पेशंटचे कोण? शेवटी तिलाच दया आली. म्हणाली, सर, सरळ हजबंड म्हणा ना, मी कुठे सर्टिफिकेट मागतेय? तर हे म्हणाले, ते शुक्रवारी होणार होतं, पण झालं नाही. झालं की सांगेन. आणि फोन ठेवून दिला! आठही दिवस हेच. एक शब्द खोटं बोलले असते तर माझी बातमी कळली असती.”

त्या हसत होत्या. माझा चहा गार झाला.

दाजी वर आले. कुमुदताई आत गेल्यावर मी म्हणालो, “दाजी, त्या शुक्रवारी ती लिंक...”

त्यांनी हात वर केला. “तो विषय नको, शरद. मला त्याचा अजून त्रास होतो. बॉयलर फुटला नाही हे नशीब.” मग खाली बघत, अगदी हळू, “तुझ्या मनात काही नाही ना?”

“छे,” मी म्हणालो. “होतं असं कधीकधी. विसरून जा.”

म्हणजे माझ्या खोटेपणाबद्दल मी त्यांना माफ केलं आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसून घरी आलो.

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. कुमुदताईंचा फोन आला, “शरदराव, मंडळाच्या अंकासाठी ह्यांच्यावर लिहा. हसवणारं लिहा, रडगाणं नको.” कुमुदताई, जमेल तेवढं हसवणारं लिहिलं. हे वाचून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तरी माझी तक्रार नाही.

आणि दाजी, त्या दिवशी काहीही फिरत नव्हतं. बटण समोर होतं. तुमची सूचना एका ओळीची होती आणि ती पुरेशी होती. मी आलो नाही.