गणपतनानांची लेव्हल

वृद्धाश्रमातल्या पहिल्याच भेटीत गणपतनानांनी माझ्यादेखत माझ्या मावशीला विचारलं, "अक्का, आज लघवीना रंग कसा शे?" मी गारच पडलो. मावशीनं मात्र बेधडक सांगितलं, पिवळाच आहे. नानांनी लगेच तांब्या पुढे केला.

नाना मूळचे धुळ्याकडचे, नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, बॉयलरवर. काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघण्यात जन्म गेला. जळगावच्या या वृद्धाश्रमात आले तरी फेरी काही सुटली नाही. तांब्या घेऊन खाटोखाट हिंडायचं आणि विचारायचं, "लेव्हल कितली?" एकदा भजन ऐन रंगात असताना त्यांनी टाळकऱ्याच्या तोंडाला पेला लावला होता. त्यांना लांबून बघितलं की म्हातारे झोपेचं सोंग घ्यायचे.

मागच्या महिन्यात मावशी मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाका मारायला लागली. मी हादरलो. व्यवस्थापक म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. नाना मागून म्हणाले, "वय नही, पाणी कमी पडनं." मी तिला डॉक्टरांकडे नेलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. म्हातारपणी त्यानं माणूस असं भ्रमिष्टासारखं वागू शकतं, हे मला तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या आणि चार-आठ दिवसांत मावशीनं मला ओळखून, दाढी का वाढवलीस म्हणून झापलं.

खरा धक्का पुढेच होता. तिथली आया सहज बोलून गेली की दुपारच्या चहानंतर इथे कोणाला पाणी देत नाहीत, अंथरुणं ओली होतात म्हणून. ओला डायपरसुद्धा सकाळपर्यंत तसाच. माझं डोकं सणकलं. व्यवस्थापकांशी कडाकडा भांडलो, तेव्हा कुठे प्रत्येक खाटेशी पाण्याची बाटली आली.

पुढच्या रविवारी नाना फेरीवर दिसले नाहीत. खाटेवर तापानं फणफणले होते आणि कुणा जुन्या सोबत्याला व्हॉल्व उघडायला सांगत होते. उशाशी बाटली भरलेली, पेला पालथा, कोरडा. मावशी म्हणाली, सगळ्यांना पाजतात, पण स्वतः दिवसभर घोटभर पीत नाहीत. गुडघे गेलेत; दिवसा खाटा धरत हिंडतात, पण रात्री संडासापर्यंत न्यायला कोणाला हाक मारायची त्यांना लाज वाटते.

डॉक्टरांना फोन केला आणि पेला भरून त्यांच्यापाशी बसलो.

"नाना, लेव्हल कितली?"

त्यांनी डोळे उघडले. पेला दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ नुसता धरूनच ठेवला.

"माले हाई कोणीच इचारं नही, भाऊ," ते म्हणाले, आणि मग प्यायले.