भाऊसाहेबांची पद्धत

विश्वनाथ टिपणिसांच्या टॉन्सिल्स उद्या निघणार होत्या, आणि त्या कशाने काढायच्या ते अजून ठरत नव्हतं. म्हणजे डॉक्टरांचं ठरलं होतं, त्यांच्या पत्नीचं, कुमुदताईंचंही ठरलं होतं. पण मंत्रालयाच्या खरेदी विभागात उभी हयात गेलेला माणूस तो. तीन पर्यायांची तुलना केल्याशिवाय त्यांनी कधी पंखा घेतला नव्हता, मग गळा कसा कापू देणार? शिवाय तुलना लांबली की ऑपरेशनही लांबतं, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. कुमुदताईंना ते न सांगताच कळलं होतं.

संध्याकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीन अनुभवी गळे चहाला आले.

"लेसर म्हणजे बिल्कुल मक्खन, काका," शेजारचा जयंत म्हणाला.

"म्हणून आठवडाभर कण्हत होतास? आपली भिंत एकच आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "माझ्या विजेच्या चटक्याने काढल्या. काम चोख. फक्त महिनाभर श्रीखंडही जळकं लागतं."

"सगळे लाड," वरच्या मजल्यावरचे भाऊसाहेब आपल्या कायम बसलेल्या आवाजात म्हणाले. "मी दिल्लीत नवा होतो, लग्न व्हायचं होतं. साधी सुरी. ना रक्त, ना दुखणं. संध्याकाळी दोन कप आइस्क्रीम खाल्लं."

विश्वनाथराव प्रत्यक्ष पाहणीसाठी टॉर्च घेऊन आले. जयंताचा गळा साफ. प्रमोदिनीबाईंचा साफ. भाऊसाहेबांनी आ करायला बरेच आढेवेढे घेतले. शेवटी उजेड पडला, तर आत सुपारीएवढ्या दोन टॉन्सिल्स सुखाने नांदत होत्या.

"परत उगवल्या असतील," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब," कुमुदताई म्हणाल्या.

"अहो, टेबल पाहिलं आणि बाथरूमच्या बहाण्याने मागच्या दाराने सटकलो. आइस्क्रीम मात्र खरं."

प्रमोदिनीबाईंना ठसका लागला. विश्वनाथराव मात्र गंभीर झाले. रक्त नाही, वेदना नाही, वर आइस्क्रीम. तुलनेचा निकाल लागला होता.

"उद्या मी बिनधास्त जातो," ते म्हणाले.

"अच्छा," कुमुदताई म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांना पोचवायला थेट वरच्या मजल्यापर्यंत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा झगा अंगावर चढताच विश्वनाथराव म्हणाले, "सिस्टर, दो मिनट, बाथरूम." पाठीमागची नाडी एका हाताने आवळत त्यांनी अख्खा व्हरांडा पार केला आणि मागचं दार उघडलं.

दाराबाहेर खुर्ची टाकून भाऊसाहेब आइस्क्रीम खात बसले होते.

"या. वहिनींनी बसवलंय. मला म्हणाल्या, ही वाट तुमच्या माहितीची आहे."

"भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा?"

"मुकाट्याने आत चला," भाऊसाहेब चमचा चाटत खिन्नपणे म्हणाले. "वहिनींनी काल आमच्या घरीही सगळं सांगितलं. पुढच्या सोमवारी माझा नंबर आहे. तेव्हा या खुर्चीत तुम्ही बसायचंय."