हिरवळीवर पाय ठेवू नये

यंदाच्या सुट्टीत हिरवळ बंद ठेवायची, एवढंच निरीक्षकसाहेबांनी ठरवलं होतं. त्यात कुणाचं घोडं मारायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. चार खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची, ‘हिरवळीवर पाय ठेवू नये’ अशी पाटी लावायची आणि उन्हाळाभर गवताला निवांत वाढू द्यायचं. शहराच्या उद्यान खात्यात बागेची देखभाल त्यांच्याकडेच होती, तेव्हा कुणाला विचारायचंही कारण नव्हतं. पण त्याच खात्यात, त्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे करमणूक विभाग बसत असे. त्या विभागाने त्याच आठवड्यात ठरवलं की मुलांचं उन्हाळी शिबिर याच बागेत भरवायचं. देखभालवाले करमणूकवाल्यांशी बोलत नसत. (का बोलत नसत ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण शिस्त म्हणून पाळत होते.) त्यामुळे निरीक्षकसाहेबांना ही बातमी कळली ती घरी, जेवताना.

“अहो, एक गंमत सांगू?” बायको म्हणाली.

‘गंमत’ म्हटलं की साहेब सावध व्हायचे. मागची गंमत म्हणजे बाहेरची खोली पिवळ्या रंगाने रंगवून काढायची, ही होती आणि ती रंगवली होती साहेबांनी.

“सांग.”

“शाळेला सुट्टी लागली, घरी बसून मला कंटाळा येतो. म्हणून मुलांचं शिबिर घ्यायला हो म्हटलंय. तुमच्याच बागेत!”

साहेबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. “बागेत म्हणजे कुठे?”

“कुठे म्हणजे काय? मुलं खेळणार कुठे? हिरवळीवर.”

“हिरवळ बंद आहे.”

“कुणी केली?”

“मी.”

“मग तुम्हीच उघडा,” बायको म्हणाली आणि त्यांना न विचारता आणखी थोडी भाजी वाढली.

आता या हिरवळीविषयी थोडं सांगायला हवं. साहेबांना मूलबाळ नव्हतं असं नाही, पण मुलगी शिकायला परगावी गेली होती आणि तिच्या वाट्याची सगळी काळजी ते गवताकडे वळवून मोकळे झाले होते. हिरवळ ओलांडायची वेळ आली तर ते पायांतले बूट काढून हातात घेत. तिथे कावळा उतरला तर त्याला ‘अहो’ म्हणत नसत एवढंच, बाकी समज पूर्ण देत. दर वर्षी उन्हाळा संपताना शहरातल्या बागांचे परीक्षक येत आणि उत्तम हिरवळीला एक ढाल मिळे. ती ढाल दर वर्षी नदीपलीकडच्या बागेला जाई. तिथला निरीक्षक ती घेऊन मंचावरून खाली उतरताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, “पुढच्या वर्षी तुमचीच हं!” हे वाक्य साहेबांना फार लागे. यंदा मात्र गवत असं दाट आलं होतं की ढाल जवळजवळ हातात आल्यासारखीच होती.

शेवटी घरात तह झाला. शिबिर फरसबंदी चौकात भरेल, हिरवळीला कुणी हात, म्हणजे पाय, लावणार नाही. बायकोने तह मान्य केला याचंच खरं तर साहेबांना नवल वाटायला हवं होतं.

शिबिर सुरू झालं. बायकोला शाळेत सगळे ‘बाई’ म्हणत, बागेतही ती बाईच झाली आणि दोन दिवसांत माळीसुद्धा तिला विचारून झाडू मारू लागला. पण फरशी उन्हाने इतकी तापायची की चपलांतूनही चटके बसायचे. मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत गाणी म्हणायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर नाच बसवलाय! बाईंना ते बघवेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब फेरीला आले तर दोरी हातभर आत सरकलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुंट्या उपटल्या आणि पुन्हा मूळ जागी ठोकल्या. दुसऱ्या दिवशी दोरी दोन हात आत. साहेबांनी ती परत बाहेर नेली, शिवाय वर एक वीतभर व्याज म्हणून.

घरी मात्र याविषयी अक्षर नाही. दोघांच्याही नखांत माती. दोघेही बेसिनपाशी शेजारी उभे राहून साबणाने हात चोळायचे.

“आज फार माती लागली वाटतं?” साहेब विचारायचे.

“मुलांना रोपं लावायला शिकवतेय. तुम्हाला?”

“मीही... रोपंच.”

आता एखादा शहाणा माणूस सरळ बोलला असता. साहेबांनी युक्ती काढली. (त्यांच्या युक्त्यांविषयी त्यांच्या सासूबाईंचं एक मत होतं, ते इथे देत नाही.) हिरवळीला फवाऱ्यांनी पाणी दिलं जाई ते भल्या पहाटे, कारण उन्हात पाणी सोडलं की निम्मं वाफ होऊन जातं, हे बागेतल्या बाकांनाही ठाऊक होतं. साहेबांनी माळ्याला बोलावलं.

“उद्यापासून पाणी शिबिराच्या वेळेला सोडायचं.”

“उन्हात, साहेब?”

“वरून आदेश आहे.”

माळ्याने वर आकाशाकडे पाहिलं. “पण मुलं भिजतील की.”

“भिजणार नाहीत. ओलं दिसलं की फिरकणारच नाहीत. आणि हे बघ, मधे कुणीही सांगितलं तरी पाणी बंद करायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही!”

हिशेब सोपा होता. हिरवळ ओली, म्हणजे बाई मुलांना दूर ठेवणार. कपडे भिजले तर आया तक्रार करणार. शिबिर गुपचूप फरशीवर, फार तर पलीकडच्या झाडाखाली जाणार, आणि साहेबांवर बोटही उठणार नाही.

सकाळी साहेब अवजारांच्या खोलीमागे लपून उभे राहिले. फवारे सुरू झाले. मुलं दोरीपाशी जमली. बाई वळून पाहू लागल्या. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी पुढे आली, तिने दोरीवरून हात लांब करून पाण्यात धरला आणि अशी काही किंकाळी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. दुसऱ्या क्षणी सगळं शिबिर दोरीखालून आत!

“थांबा!” बाई ओरडल्या. “सगळे जागच्या जागी थांबा!”

साहेबांचा ऊर भरून आला. कितीही झालं तरी बायको आपली आहे, असं त्यांना वाटलं.

“आधी चपला काढा!” बाई म्हणाल्या. “हिरवळ खराब होईल!”

मग जे सुरू झालं ते साहेबांना पाहवेना. बाईंनी तिथल्या तिथे खेळ काढला. फवारा फिरून आपल्याकडे येण्याआधी पळायचं, भिजला तो आउट. भिजायचं सगळ्यांनाच होतं, त्यामुळे कुणीच पळेना. हिरवळीच्या मध्यावर, जिथे गवत सर्वात दाट होतं, तिथे घसरगुंडी तयार झाली. साहेब माळ्याकडे धावले.

“पाणी बंद कर! आधी बंद कर!”

“नाही साहेब. वरून आदेश आहे.”

“अरे, तो मीच दिलाय!”

“तुम्हीच म्हणालात, कुणीही म्हणजे कुणीही,” माळी म्हणाला आणि व्हॉल्व्हची चावी खिशात टाकून चहाला गेला.

 साहेब दोरी ओलांडून हिरवळीवर धावले, तेही बूट घालून, आणि सापडेल त्या फवाऱ्यावर पाय दाबून उभे राहिले. तो दबला तसा शेजारचा दुप्पट जोराने उडाला आणि थेट त्यांच्या चष्म्यावर आला. त्याच्याकडे धावले तर पाय घसरला. साहेब बसल्या बसल्या पार कडेच्या कुंड्यांपर्यंत गेले आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“काका आउट!”

“परत, काका, परत!”

नेमके त्याच वेळी दोन्ही विभागांचे मोठे साहेब फाटकातून आत आले. यात योगायोग काही नव्हता. बाईंनीच आदल्या दिवशी करमणूक विभागात तोंडी तक्रार केली होती की दोरी रात्रीतून बाहेर सरकते, मुलांचे पाय भाजतात, जरा येऊन बघा. म्हणून ते बघायला आले होते. त्यांनी बघितलं ते असं की देखभालीचे निरीक्षक हिरवळीच्या कडेला चिखलात बसलेत, चष्मा एका कानावर लोंबतोय आणि पाठीवर दोन मुलं चढलीत.

“वा!” मोठे साहेब म्हणाले. “मला तर सांगितलं होतं, तुम्ही मुलांना इथे पायही ठेवू देत नाही!”

साहेबांनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर भर उन्हात पाणी उधळून स्वतःच्या बायकोचं शिबिर बुडवायला निघालो होतो, असं सांगावं लागलं असतं. त्यांनी चष्मा काढून ओल्या सदऱ्याला पुसायला घेतला.

“ही पाण्याची कल्पना कुणाची?”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने साहेबांकडे पाहिलं, मग लांब चहा पिणाऱ्या माळ्याकडे, मग पुन्हा साहेबांकडे. तिच्या डोक्यात सगळं जुळलं, ते साहेबांना स्पष्ट दिसलं आणि पाण्यात बसूनही त्यांना घाम फुटला.

“ह्यांचीच,” बाई म्हणाल्या. “घरी सारखं म्हणत असतात, हिरवळ असते कशाला, मुलांच्या पायांसाठीच ना?”

“उत्तम! मग हे रोज व्हायला हवं. शिबिर संपेपर्यंत फवाऱ्यांचं काम तुम्ही स्वतः बघा,” मोठे साहेब म्हणाले. “बाई सांगतील तसं.”

घरी आल्यावर साहेब टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसले. बायकोने चहा पुढे ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“माळ्याने सांगितलं मला सगळं. वरून आदेश म्हणे!”

“तू तरी तक्रार का केलीस? मला सांगायचं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.  गवत गेलं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला गवतासाठी रडू येतंय याची त्यांना लाज वाटत होती. तरीही त्यांनी सांगून टाकलं, नदीपलीकडच्या त्या माणसाचं, खांद्यावरच्या त्या हाताचं. इतक्या वर्षांत हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिला खरंच वाईट वाटलं.

“एवढं मनाला लावून घेतलंय, आणि मला पत्ता नाही? अहो, दोरी मी हलवलीच नसती.”

“हलवली असतीस.”

“थोडी कमी हलवली असती,” बायको म्हणाली आणि दोघांनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब कामाला लागले. बाईंनी शिट्टी वाजवली की व्हॉल्व्ह उघडायचा, दोनदा वाजवली की बंद करायचा, आणि मुलं कमी पडली की रांगेत उभं राहायचं. आधी ते रडतखडत करत होते. मग एके दिवशी बागेच्या सुट्टीचा वार असूनही ते तिथे आले, आणि फाटकाला कुलूप पाहून त्यांचा चेहरा पडला. शिबिरातली मुलं दुप्पट झाली. त्या मानाने गवत निम्मंही उरलं नाही.

ठरल्याप्रमाणे परीक्षक आले. मध्यभागी चिखलाचा एक लांब, गुळगुळीत पट्टा होता आणि कडेकडेने थोडं हिरवं शिल्लक होतं. परीक्षकांनी त्या पट्ट्याला एक फेरी मारली आणि पेनाला टोपण लावलं. “हिरवळीचं राहू द्या या वर्षी,” ते म्हणाले. साहेब कपड्यांना इस्त्री करून, भांग पाडून शेजारी उभे होते. ढाल गेली हे त्यांना कळलं, आणि आपल्याला वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. निदान बाग कुणाची, एवढं तरी चार माणसांत नीट सांगितलं जावं, इतकीच त्यांची अपेक्षा उरली होती. परीक्षक वाकून त्या दोन वेण्यांच्या चिमुरडीशी बोलू लागले.

“काय गं, ही बाग कोण बघतं?”

“बाई!”

“आणि हे?” परीक्षकांनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब ताठ उभे राहिले.

चिमुरडीने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ते मनाला लावून घेतील म्हणून परीक्षकांच्या कानाशी गेली, पण सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ते पण शिबिरातच आहेत. सारखे आउट होतात, पण आम्ही त्यांना घेतो खेळायला.”