वज्रभानाच्या जागी आलेली बाई

मुळेकाकांना बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या भिंगारात सापडणं कठीण. पोहे उभ्याने, चहा उभ्याने, पेपर उभ्याने. रिकाम्या एसटीतसुद्धा ते दांडी धरून उभे राहतात आणि कंडक्टर बिचारा विनवतो, "बाबा, बसा की, सगळी गाडी तुमचीच हाय." आमच्याकडे सत्यनारायणाला आले की तीर्थ घेणार, प्रसाद घेणार, पाटाकडे संशयाने बघणार आणि "आलोच" म्हणून निघून जाणार. ते "आलोच" म्हणून गेले की परत येत नाहीत, हे शेजारी राहायला आल्यावर मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मी त्यांचा चहा झाकून ठेवत असे.

काका लष्करी खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर इमारतींच्या सरळ रेघा मारून कंटाळलेला हात घरी आल्यावर मोकाट सुटायचा, आणि त्यातूनच वज्रभान जन्माला आला.

वज्रभान म्हणजे आमचा घरचा महावीर. छाती दरवाजाएवढी, मिशी तलवारकट आणि पाठीवर लाल उपरणं. चांदबिबीच्या महालावरून तो उडी घ्यायचा आणि "घाबरू नका, आलोच!" अशी आरोळी ठोकत थेट भिंगारच्या बाजारात उतरायचा. त्याने भारनियमनासुराला खांबाला बांधलं, वाळूवाल्यांचे डंपर उलटे केले, पाण्याचा टँकर खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवला. दर महिन्याला काका आठ पानांची चित्रकथा काढायचे. शुद्धलेखन माझ्याकडे, कारण मी शाळेत मराठी शिकवते. झेरॉक्स काढून आणायची बाळूशेठने. बाळूशेठची पिठाची गिरणी आहे, आणि वज्रभानाचे सगळे वाचक तिथेच, दळणाचे डबे रांगेत लावून उभे असत. काळ्या-पांढऱ्या प्रतींवर उपरणं तेवढं लाल, आणि तो लाल रंग मुळेकाकू खडूने एकेका प्रतीवर भरायच्या. त्या बसून रंगवायच्या, काका उभ्याने बघायचे. "बसा ना जरा," काकू म्हणायच्या. "आलोच," म्हणून काका गॅलरीत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काही महिने अंक निघाला नाही. गिरणीत बाया नुसत्याच उभ्या राहू लागल्या आणि दळण बारीक की जाड यावरून भांडू लागल्या. शेवटी बाळूशेठनेच काकांच्या मागे लागून लागून अंक काढायला लावला.

तो अंक वाचून मी डोक्याला हात लावला. वज्रभान आभाळातून जाता जाता थांबतो, खाली बघतो आणि भिंगारच्या स्टँडवर उतरतो. तिथे पाथर्डीच्या जीपची वाट बघत एक बाई उभी आहे. वयस्कर, काटकुळी, चपलेला सेफ्टी पिन लावलेली. वज्रभान उपरणं काढून तिच्या हातात देतो, म्हणतो, "आता तुम्ही बघा," आणि चालत निघून जातो. चालत! बाई उपरण्याची घडी घालते, "थंडीला व्हईल" म्हणते आणि पिशवीत टाकते. शेवटच्या चित्रात ती जीपमध्ये दाटीवाटीने बसून निघालेली. उपरणं पिशवीत गेल्यामुळे ते रंगवायचा प्रश्नही मिटला होता, हे माझ्या लक्षात आलं.

"काका, हिचं नाव काय लिहू?" मी विचारलं.

"ठाऊक नाही, सुलभा."

"अहो, तुम्हीच काढलीत ना?"

"काढली म्हणून काय झालं? नाव ठाऊक नाही. नुसतं 'बाई' लिही."

लोकांनी बाईचा हा पहिला अंक गंमत म्हणून सोडून दिला. दुसऱ्या अंकाने मात्र गिरणी पेटली. त्या अंकात बाई जीपमधून उतरते, एका आजाऱ्याच्या घरी जाते आणि खाटेजवळ बसते. झालं. पुढची सगळी पानं तेच चित्र. खाट, आजारी, बाई. फक्त खिडकीतला उजेड थोडा थोडा सरकत गेलेला. बाळूशेठ तरातरा झेरॉक्सच्या दुकानात जाऊन भांडून आला, की तू एकच पान पुन्हा पुन्हा छापलंस, सगळं परत काढून दे. त्या माणसाने बिचाऱ्याने मुकाट्याने पुन्हा काढून दिलं. पुन्हा तेच निघालं.

मग बाळूशेठ प्रती काखेत मारून काकांच्या दारात. मी होतेच.

"काका, आमाला आमचा वज्रभान पायजे. ह्या बाईला उडता येतं का?"

"नाही."

"मारता येतं?"

"नाही."

"मंग करती काय ती?"

"बसते," काका उभ्या उभ्या म्हणाले.

"बसती?" बाळूशेठचा आवाज फुटला. "आवो, बसायला काय ताकद लागती व्हय? आमच्या घरात सगळी बसूनच ऱ्हात्यात! गिऱ्हाईक मला इचारतं, शेठ, वज्रभान मेला का? काय सांगू मी? पुढच्या अंकात त्यो आला न्हाई, तर ह्यो धंदा बंद. मी झेरॉक्स काढनार न्हाई."

खरं सांगते, मी मनातून बाळूशेठच्या बाजूची होते. चांगला उडता माणूस हातचा घालवून पळत्याच्या मागे लागणंही समजू शकते, पण ही तर पळतही नव्हती. बाळूशेठ गेल्यावर मी काकांना समजवायला लागले. वज्रभान गावाचा जीव आहे, काकूंनासुद्धा तो किती आवडायचा, वगैरे.

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तिला आवडायचा कोण म्हणालं तुला? ती फक्त उपरणं रंगवायची."

मग ते बोलू लागले. काकू दवाखान्यात असताना काका दिवसभर पळत होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कौतुकही केलं होतं. रिपोर्ट आणा, औषध आणा, डॉक्टरला गाठा, ऊन येतंय तर पडदा मिळवा. "ती म्हणायची, बसा ना जरा. मी म्हणायचो, आलोच. मला वाटायचं, सुलभा, मी पळतोय म्हणजे काहीतरी करतोय. बसलो तर ती जाणार आहे हे कबूल केल्यासारखं होईल. म्हणून बसलोच नाही."

शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडचा एक ऊसतोडीचा गडी होता. त्याची बायको त्याच्याजवळ बसून असायची. तिला ना रिपोर्ट वाचता येत, ना डॉक्टर तिच्याशी बोलत. "शेवटच्या दुपारी मी खाली औषधाच्या रांगेत होतो," काका म्हणाले. "वर आलो तर ती बाई आपल्या नवऱ्याला सोडून हिच्या खाटेवर बसलेली. हिचा हात हातात. मला म्हणाली, 'हळू या बाबा. गेल्या त्या. पर येकल्या नव्हत्या.'"

खाली रस्त्याने पाथर्डीची जीप भरून चालली होती. काकांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"तिचं नाव विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "वज्रभान त्या दिवशी रांगेत उभा होता गं. हातात गोळ्यांची पुडी घेऊन. तो आता कशाला परत आणू?"

घरी येऊन मी त्या अंकातली एकसारखी पानं पुन्हा उलटून पाहिली. ती एकसारखी नव्हती. पानागणिक बाई आजाऱ्याच्या किंचित जवळ सरकत गेली होती.

बाळूशेठ मात्र शब्दाचा पक्का. पुढच्या महिन्यात काकांनी पानं काढली, पण त्याने ती घेतली नाहीत. काका ती पानं घेऊन गिरणीच्या बाहेर उभे राहिले, कुणी मागितली तर दाखवत. फारसं कुणी मागितली नाहीत.

आणि मग बाळूशेठची आई पडली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवली. शेठची धावपळ सुरू झाली. गिरणीवरून दवाखाना, दवाखान्यातून गिरणी, मोटारसायकलच्या हँडलला शहाळी, कानाला मोबाईल. कपड्यांवरचं पीठ झाडायलासुद्धा त्याला फुरसत नव्हती.

एका दुपारी मी म्हातारीला बघायला गेले. दारातच थबकले.

खाटेजवळच्या स्टुलावर मुळेकाका बसले होते.

त्यांना बसता येत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, एक पाय सारखा जमिनीवर आपटायला बघत होता आणि ते दुसऱ्या पायाने तो दाबून धरत होते. पण म्हातारीचा हात त्यांच्या हातात होता. म्हातारी अर्धवट झोपेत काहीतरी जुनं सांगत होती, माहेरच्या विहिरीचं, आणि काका "हं, हं" करत होते.

मागून बाळूशेठ आला. घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या. "काका, तुमी? काय लागतंय का? डॉक्टरला बलावू? मी आलोच…"

"बाळू," काका म्हणाले, "पिशव्या ठेव. बस."

"आवो पर औषध…"

"औषध मी आणतो. मला सवय आहे. तू बस."

काका स्टुलावरून उठले. बाळूशेठ क्षणभर घुटमळला, मग पिशव्या भिंतीशी ठेवून त्या स्टुलावर बसला. त्याच्या हातावर पीठ होतं. म्हातारीने डोळे न उघडताच ते बोटांनी चाचपलं. "आला व्हय रं," म्हणाली.

"व्हय आई," बाळूशेठ म्हणाला. "हितंच हाय."

काका औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात माझ्याजवळ उभे राहिले. बराच वेळ त्या दाराकडे बघत होते. मग चिठ्ठीची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सुलभा, जमलं का गं मला?"

"जमलं, काका," मी म्हणाले.

"आता जमून काय उपयोग," ते म्हणाले, आणि औषधाच्या रांगेकडे निघाले. या वेळी मात्र "आलोच" म्हणाले नाहीत.