चार मार्क कुठं गेले?

युनूसमामा मयताला गेले, तरी आत जाण्याआधी दाराबाहेरच्या चपला जोडीजोडीनं लावायचे. वर लोकांना ऐकू जाईल असं पुटपुटायचे, "जरा रेघंत काढायला काय होतंय!"

कुरकुंभच्या कंपनीत ते पॅकिंगला होते, मी त्यांच्याच शिफ्टला. ड्रमवरचं लेबल केसभर तिरकं दिसलं, की मामा ते काढून पुन्हा लावायचे. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवून दमायचा. एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, माल भेजना है, शादी का कार्ड नहीं!" मामांनी बाहेर जाऊन त्याची वाकडी नंबरप्लेट सरळ करून दिली.

दोन हजार सालच्या आगेमागे साहेबांनी पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. माणसाचा काटेकोरपणा म्हणे मार्कांत मोजता येतो! आम्हाला तर निवडणुकीसारखा चेव आला. मॅडम एकेक वाक्य वाचायच्या. आपण 'कधीच नाही', 'बऱ्याचदा', 'नेहमी' यांतलं एक सांगायचं.

मामा तिथंच अडले. "मॅडम, बऱ्याचदा म्हंजी नेमकं किती येळा?"

निकाल लागला. मामांना पन्नासात शेहेचाळीस, कंपनीत पहिले! आम्ही टेबलं बडवली, कुणी तरी पेढे आणायला पळालं. मामांचं तोंड मात्र उतरलेलं.

"मॅडम, चार मार्क कुठं गेले?"

"अहो मामा, ही परीक्षा नाही. हा फक्त स्वभाव मोजलाय."

"व्हय, पर चार कुठं गेले?"

मॅडमनी कागद चाळला. "'घरच्यांची चूक मला सहन होत नाही.' याला तुम्ही 'कधीच नाही' म्हणालात. चुकून का? बदलायचंय?"

मामा घुटमळले. "न्हाई. ऱ्हाऊ द्या."

आम्ही चकितच झालो. चूक सहन होणारे मामा आम्ही पाहिलेच नव्हते!

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांच्या दौंडच्या घरी गेलो. मामींचा उजवा हात वर्षापूर्वी अंगावरून वारं जाऊन लुळा पडलेला, हे मला तिथं कळलं. तरी चहा त्यांनीच केला, डाव्या हातानं ओतायलाही बसल्या. कप भरला, बशी भरली, चहा चटईवर ओघळला. मामी पुढच्या कपात गुंतलेल्या.

मामा चटकन सरकले आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यासकट त्या ओल्यावर बसले.

"गिरा क्या जी?" मामींनी दचकून विचारलं.

"नै तो," मामा फुर्रकन घोट घेत म्हणाले, "एकदम बराबर भरी."